अण्णाचे अळणी दिवस

१९५८ साल. मी बावीस वर्षांचा होतो आणि बेंगळुरातल्या चिकपेटेतून कोलारपर्यंत सायकलवरून कापड पोचवायचो. शाळा माझी तिसरीत सुटली. सुटली म्हणजे मास्तरांनी कान पिरगाळला म्हणून मीच सोडली. त्यामुळे मला जे काही कळतं ते अंगाने कळलेलं आहे, आणि त्या वर्षापर्यंत माझी पक्की समजूत होती की अंगाला जे कळतं ते चुकत नाही.

आम्ही दोघे भाऊ एकाच शेटकडे कामाला. आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते आमच्या आजोबांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. थोरल्याला मी अण्णा म्हणायचो. तो मला तम्मा म्हणायचा. कन्नडात धाकट्या भावाला असंच म्हणतात. कोलारला संतेचा, म्हणजे आठवड्याच्या बाजाराचा दिवस आला की दोघांच्या कॅरिअरवर लुगड्यांचे गठ्ठे सुंभाने आवळायचे, पहाटे निघायचं, दुकानदारांना माल द्यायचा आणि उन्हातून परत यायचं. जाऊन येऊन ऐंशी मैलांच्या वर भरायचं. आजची पोरं एवढ्यासाठी टोप्या नि गॉगल घालून फोटो काढून घेतात. आम्ही धोतर वर खोचून जायचो.

वाटेत काय प्यायचं यावरून आमचा नेहमीचा वाद. अण्णाला वहिनी पानकाची बाटली भरून द्यायची, लिंबू, गूळ आणि चांगलं चिमूटभर मीठ घालून. मी फिरकीच्या तांब्यात साधं पाणी न्यायचो, संपलं की विहिरीवर भरून घ्यायचो.

"तुझं पोट म्हणजे काय रांजण आहे का रे तम्मा? नुसतं पाणी ओततोस."

"आणि तुझं पोट म्हणजे लग्नाचा मांडव. त्याला पानक लागतं."

तो हसायचा. मला मात्र आतून अभिमान होता की याला चढावर बाटली लागते आणि मला काही लागत नाही. माझ्या डब्यात लिंबाचं लोणचं आणि खारवलेल्या सांडग्या मिरच्या असायच्या, त्या मी मुठीने खायचो. त्या मिरच्यांचा आणि माझ्या पायांतल्या जोराचा काही संबंध असेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

त्या वर्षी अण्णाच्या मुलीला विषमज्वर झाला. चार वर्षांची पोर. एकवीस दिवस ताप उतरेना. शेवटी अण्णा मारुतीच्या देवळात गेला आणि बोलून आला की पोर उठली तर एक मंडल मीठ खाणार नाही. मंडल म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, आमच्याकडे नवस असाच बोलतात. तिसऱ्या दिवशी पोर उठून बसली आणि पेज मागितली. त्या दिवसापासून अण्णाचं ताट अळणी झालं. अळणी भात, अळणी सार, नाचणीच्या उकडीचा मुद्दाही अळणी. वहिनीने बाटली भरणंही बंद केलं, कारण मिठाशिवाय ते पानक तोच पिईना. म्हणाला, "साधंच दे. तम्मा जगतोच ना त्याच्यावर."

मला हे ऐकून बरं वाटलं, आता लाजत सांगतो. वाद मी जिंकलो असं वाटलं.

सदतिसावा दिवस होता. चैत्र संपत आलेला. कोलारला माल उतरवून आम्ही परत निघालो तेव्हाच तो म्हणाला, "डोकं ठणकतंय रे."

"पाणी पी."

तो प्याला. पुढच्या विहिरीवर पुन्हा म्हणाला, पोटऱ्यांत गोळे येतायत. मी तांब्या भरून दिला. "पी, भरपूर पी. माझ्याकडे बघ, मला काही होतंय का?" तो मुकाट्याने प्याला. चार मैलांवर त्याने सायकल थांबवली आणि कडेला ओकला. ओकारीत दुसरं काही नव्हतं, नुसतं पाणी. मी म्हटलं, पोट रिकामं झालं, आता पुन्हा पी. आणि पुन्हा भरून दिलं. मी त्याला धाकटेपणाने नाही, जाणत्याच्या तोऱ्यात पाणी पाजत होतो.

होसकोटे पाच-सहा मैलांवर राहिलं असेल. चिंचेच्या झाडाखाली एक म्हातारी मडकं घेऊन ताक विकत बसली होती. अण्णा सायकलवरून उतरला नाही, कलंडला. हात-पाय वळत होते, ओठ पांढरे पडलेले. म्हातारीने एका नजरेत ओळखलं.

"मज्जिगे पाज त्याला. उन्हाने सगळं मीठ गेलंय अंगातलं."

"अज्जी, बिनमिठाचं आहे का?"

"बिनमिठाचं ताक उन्हात कोण पितं? सकाळीच घातलंय मडक्यात. घे, आधी पाज, मग भांडू."

मी पेला घेतला आणि अण्णाचं डोकं मांडीवर घेतलं. ताकाचा वास नाकाला लागताच त्याने दात घट्ट मिटले.

"अण्णा, दोन घोट. फक्त दोन."

त्याने मान हलवली.

"मारुती काय रागावणार आहे का दोन घोटांनी? मी सांगतो त्याला."

त्याने डोळे उघडले. आवाज पार खोल गेलेला. "पोरीचा ताप परत आला तर तू उतरवशील?"

आयुष्यभर मला कुणी काही बोललं तर उलट दोन शब्द देण्यात मी कधी कमी पडलो नाही. तिथे चिंचेखाली माझी जीभ टाळ्याला चिकटली. ताकाचा पेला हातात तसाच. ओतावं तर त्याचा नवस मोडतो, न ओतावं तर माझ्या मांडीवर माझा भाऊ जातो. म्हातारी माझ्याकडे बघत होती, जणू मी मोठा माणूस आहे आणि आता काहीतरी करीन. मी काही केलं नाही. पेला खाली ठेवला.

म्हातारीनेच रस्त्यात उभं राहून एक लॉरी अडवली. ड्रायव्हरने अण्णाला मागे विटांवर टाकलं, दोन्ही सायकली टाकल्या आणि होसकोट्याच्या सरकारी दवाखान्यासमोर उतरवलं. वाटेत अण्णा काहीबाही बोलत होता. पोरीला हाक मारत होता, मला शेट म्हणत होता. मी "हो हो" म्हणत त्याचा हात धरून होतो. हात गार होता. एवढ्या उन्हात गार.

डॉक्टर तरुण होता. त्याने नाडी पाहिली, पोटऱ्या दाबल्या, मला कन्नडमध्ये विचारलं, "काय खाल्लं? काय प्याला?"

मी सगळं सांगितलं. अळणी दिवस सांगितले, विहिरी सांगितल्या, भरून दिलेले तांबे सांगितले. सांगताना मलाच ऐकू येत होतं मी काय केलं ते.

"घामाने मीठ गेलं, जेवणात मीठ नाही, आणि वर तू पाण्यावर पाणी ओतलंस," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी उलट ओरडलो असतो. "शिरेतून मिठाचं पाणी द्यावं लागेल. लगेच."

कंपाउंडरने काचेची बाटली टांगली. रबरी नळी, पुढे सुई. अण्णा मधूनच शुद्धीवर आल्यासारखा झाला आणि माझं मनगट पकडून म्हणाला, "मीठ नको देऊस, तम्मा."

मी डॉक्टरला म्हटलं, "तो नको म्हणतोय."

"तो शुद्धीवर नाही. तू भाऊ ना? तू सांग. देऊ की नको?"

मी दाराकडे पाहिलं. बाहेर दोन सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या. मी त्या मारुतीला हाक मारली, पण त्याला काय सांगू तेच ठरेना. भाऊ दे म्हणू की पोर राख म्हणू? तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. डॉक्टर क्षणभर थांबला. मग त्याने माझ्याकडे बघणं सोडलं आणि सुई घातली.

नंतर सगळ्या गोतात बोललं गेलं की धाकट्याने थोरल्याला वाचवलं. वहिनीने तर माझी दृष्ट काढली. मी कुणाचं म्हणणं खोडलं नाही. खरं हे आहे की मी होही म्हणालो नाही आणि नकोही म्हणालो नाही. लॉरी म्हातारीने थांबवली, सुई डॉक्टरने घातली. मी उभा होतो.

तिन्हीसांजेला त्याचे पाय सैल झाले. दुसरी बाटली लागली. मी पायरीवर बसून राहिलो आणि एकच हिशेब डोक्यात फिरत होता. तोंडातून गेलं नाही, शिरेतून गेलं, मग ते खाल्लं म्हणायचं का? असलं विचारायला मला भटजी माहीत नव्हता, आणि असता तरी विचारायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठून बसला. तोंड सुकलेलं, पण नजर त्याची स्वतःची. त्याने वर टांगलेली रिकामी बाटली पाहिली.

"यात काय होतं रे?"

"साखरेचं पाणी," मी म्हणालो. "ग्लुकोज म्हणतात त्याला."

"मीठ नाही ना?"

"नाही."

"सरी, ठीक आहे," म्हणाला आणि भिंतीला टेकला. मग म्हणाला, "तुझ्या वहिनीला जाऊन सांग. घाबरवू नकोस, स्वल्प पित्त झालं म्हण."

तेवढ्यात डॉक्टरने येऊन त्याला बजावलं की आजपासून मीठ खाल्लंच पाहिजे. अण्णा माझ्यादेखत नाही म्हणाला. मग मी त्याच्यासमोर बसलो आणि त्याला सांगितलं की उरलेले अकरा दिवस मला दे. एकाच आईची पोरं आपण, देवाला कुणाचंही तोंड अळणी चाललं पाहिजे. तो म्हणाला, "तुला जमायचं नाही. तू मिरच्या चोरून खाशील."

"नाही खाणार."

"मुलीची शपथ घे."

मी घेतली. जिच्या बापाशी दोन मिनिटांपूर्वी खोटं बोललो होतो, तिचीच शपथ घेतली.

कंपाउंडरने अण्णापुढे इडली आणि सांबार ठेवलं. त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी बाहेर जाऊन माझ्या अळणी न्याहारीला दूध आणि दोन केळी घेतली, सायकल काढली आणि वहिनीला सांगायला बेंगळुराकडे निघालो.