रागनाने कापलेली गाडी

रागना दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांसाठी मासे उकडायची आणि संध्याकाळी शेडमध्ये जाऊन एका धडधाकट पिकअपची चिरफाड करायची. निदान तिचा नवरा ओर्वार तरी असंच म्हणायचा.

बर्फावर चालतील असे चव्वेचाळीस इंची टायर बसवायचे म्हणजे नुसती चाकं बदलून भागत नाही. गाडी उचलावी लागते, चाकांवरचे पत्रे कापावे लागतात, पुढचा एक्सल पुढे सरकवावा लागतो. एवढी धुडं फिरवताना इंजिनाची दमछाक होऊ नये म्हणून एक्सलमधले गिअरही बदलावे लागतात. बचाव पथकातली मैत्रीण गुडलाउग हिला हाताशी धरून रागनाने हिवाळाभर हे काम केलं. वेल्डिंग मात्र सगळं स्वतः केलं.

"आता गाडीत चढायला शिडी आणायची का?" ओर्वार विचारायचा.

"तू चालत ये," रागना म्हणायची.

गाडी पासिंगला एकदा नापास झाली. दुसऱ्या खेपेला पास झाली, तरी रागनाच्या मनात शंका उरलीच. एक्सल धरून ठेवणारे वेल्डिंगचे जोड तिच्या हातचे होते, आणि खऱ्या बर्फात ते अजून उतरले नव्हते.

सप्टेंबरात ओर्वार आणि त्याचा बाप थोरगेइर घोड्यांवरून पठारावर गेले. उन्हाळाभर मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या खाली आणायच्या होत्या. म्हातारा मधुमेही, पण घरी थांबेल तर शपथ. अवेळी बर्फाचं वादळ आलं आणि दोघे मेंढपाळांच्या झोपडीत अडकले. दुसऱ्या दिवशी दुपारी वायरलेसवर ओर्वारचा आवाज आला. सामानाचा घोडा बुजून पळाला होता, आणि इन्सुलिन त्याच्याच पाठीवर होतं.

ढग इतके खाली उतरले होते की हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. पथकाच्या गाड्या दुसऱ्या खोऱ्यात अडकल्या होत्या. रागनाने दवाखान्यातून इन्सुलिन घेतलं, गोठू नये म्हणून स्वेटरच्या आत छातीशी ठेवलं आणि गाडी काढली. गुडलाउग न विचारताच शेजारी येऊन बसली.

रस्ता संपला तिथे त्यांनी टायरमधली हवा इतकी सोडली की चाकं उशांसारखी पसरली. आता गाडी बर्फ चिरत नव्हती, वरून तरंगत चालली होती. रागनाचे कान सारखे खालच्या आवाजांकडे. प्रत्येक कुरकुरीला ती वेग कमी करायची.

"रेडिओ लावू का?" गुडलाउगने विचारलं.

"नको. मला ऐकू दे."

ओढ्याच्या काठावर पुढचं चाक बर्फाखालच्या खड्ड्यात आदळलं आणि टायर रिमवरून सुटला. दोघींनी जॅक लावला. रागनाने टायरच्या फटीत थोडं पेट्रोल शिंपडलं; ते पेटवलं की भडक्याच्या दाबाने टायर परत रिमवर बसतो.

"भुवया सांभाळ," गुडलाउग म्हणाली आणि मागे सरली.

तिसरी काडी पेटली. धडाम् आवाज झाला आणि टायर रिमवर घट्ट बसला. त्यात पंपाने जेमतेम हवा भरून त्या पुढे निघाल्या. एकही जोड उकलला नव्हता.

अंधार पडायच्या आत झोपडी दिसली. म्हातारा घोंगडीत गुरफटून बसला होता. ओठ सुकलेले, पण शुद्धीवर. ओर्वारने त्याला सुई टोचली. मग तिघं त्याच्या तोंडाकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने थोरगेइरने डोळे उघडले.

"असं काय बघताय? मेलोय का मी?"

"मेला असतास तर इतका वैताग दिला नसतास," ओर्वार म्हणाला. त्याने बापाची घोंगडी वर ओढली.

"कॉफी आणलीस का, रागना?"

"आणली. पण साखर मिळणार नाही."

म्हातारा कुरकुरला आणि ते कुरकुरणं ऐकून रागनाला एकदम हसू आलं. हसता हसता डोळे भरले. गुडलाउगने तिच्या हातात धुरी दिलेलं मटण घातलेली भाकरी कोंबली. सकाळपासून आपण काही खाल्लं नाही, हे रागनाला तेव्हा कळलं.

ओर्वार कंदील घेऊन बाहेर गेला आणि बराच वेळ गाडीखाली वाकून बघत राहिला. आत आला तेव्हा त्याच्या दाढीत बर्फ होतं.

"जोड चांगले आहेत," तो म्हणाला. आणखी काहीतरी बोलायचं होतं बहुतेक, पण रागना बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. त्याने खाली बसून तिच्या बुटांच्या गोठलेल्या नाड्या सोडायला घेतल्या.