खवट दाणा आणि पेपर नंबर नऊ

“शाहिदाला आजच कमी करा,” व्यंकटराव सर म्हणाले. कमी करा म्हणजे नोकरीवरून काढा. खाली रिसेप्शनला पंधरा-वीस पालक उभे होते. त्यांचा आवाज जिन्यातून वरच्या मजल्यावर येत होता.

लातूरच्या एका कोचिंग क्लासमधली ही गोष्ट. व्यंकटराव सर क्लासचे मालक आणि संचालक. मी त्यांच्याकडे रुजू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याआधी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मी स्क्रम मास्टर होते. हा साहेब नसतो. टीमचं काम कुठे अडलंय ते शोधायचं आणि अडथळा दूर करायचा, एवढंच त्याचं काम. सासूबाईंच्या आजारपणामुळे आम्ही लातूरला परत आलो. क्लासला तेव्हा सराव परीक्षा मोबाइलवर आणायच्या होत्या. म्हणून मला घेतलं. पहिल्याच दिवशी शिपायाने विचारलं, “मास्टर म्हनल्यावर इषय कोन्ता शिकवता, मॅडम?”

झालं असं होतं की पेपर नंबर नऊमध्ये फिजिक्सचे चार प्रश्न चुकले होते. बरोबर उत्तर लिहिलेल्या मुलांचे मार्क कापले गेले. लातुरात सराव परीक्षेची रँक म्हणजे घराची अब्रू असते. वरची मुलं खाली गेली, खालची वर आली, आणि पालक थेट क्लासवर धडकले.

“पेपर टाइप कोण करतं? शाहिदा. मग चूक कोणाची?” व्यंकटराव सर म्हणाले.

शाहिदा अकरा वर्षं तिथे डीटीपी करत होती. म्हणजे सरांच्या हातचे प्रश्न कॉम्प्युटरवर टाइप करून पेपर जुळवणं. ती दारात उभी होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. घरात कमावणारी ती एकटीच, हे मला माहीत होतं. मला राग आला. पण हातात पुरावा नव्हता, आणि रागाला कोण विचारतो?

“सर, मला एक दिवस द्या. चूक कुठे शिरली ते शोधते. मग ठरवा,” मी म्हणाले.

“शोधायचं काय त्यात? बरं, घ्या एक दिवस.”

काम चालायचं ते असं. फिजिक्सचे अनंत सर आठवडाभराचे सगळे प्रश्न एका बैठकीत लिहायचे आणि तो गठ्ठा शनिवारी शाहिदाच्या टेबलावर ठेवायचे. ती सगळा टाइप करायची. मग सगळं एकदम तपासायला अनंत सरांकडे जायचं, तेही शेवटच्या दिवशी, त्यांच्या दोन तासिकांच्या मधल्या वेळात. ते सही करायचे. मग बालाजी नावाचा आमचा प्रोग्रामर तो पेपर ॲपवर चढवायचा. एवढा गठ्ठा घाईत कोण वाचणार? माझ्या धंद्यात याचा उपाय ठरलेला आहे. काम थोडं थोडं पुढे सरकवा, म्हणजे चूक लवकर दिसते. याला अजाइल म्हणतात. नाव मोठं आहे, गोष्ट एवढीच.

पण हे तोंडाने सांगून अनंत सरांना पटलं नसतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दोन बाकांवर हा क्लास सुरू झाला, तेव्हा शिकवणारे दोघेच होते. व्यंकटराव सर आणि अनंत सर. त्यांना चार गोष्टी सांगायची कोणाची छाती नव्हती. शिवाय मागच्या महिन्यात मी पुण्याहून आणलेला कागदी विमानांचा खेळ घेतला होता. त्यात अनंत सरांनी एक विमान केलं, खिडकीतून सोडलं आणि तासाला निघून गेले. माझी पार शोभा झाली होती.

म्हणून या वेळी मी भाजलेल्या शेंगा आणल्या. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून, घाईत, न बघता.

त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये टेबल मोकळं केलं. अनंत सरांनी शेंगा फोडायच्या. शाहिदाने दाणे काढून साल चोळायची. बालाजीने दहा-दहा दाणे मोजून पुडी बांधायची. व्यंकटराव सर गिऱ्हाईक. ते घड्याळ लावून समोर बसले.

“उगं पोरखेळ लावलाय,” अनंत सर म्हणाले. पण शेंगा होत्या, बसले.

पहिल्या फेरीत नियम आपल्या नेहमीच्या कामासारखा. आपल्या हातातल्या सगळ्या शेंगा संपल्याशिवाय पुढच्याला द्यायच्या नाहीत. अनंत सर फोडत होते तोवर बाकीची दोघं हात बांधून बसली. पहिली पुडी मिळायला सात मिनिटं लागली. दुसऱ्या फेरीत दोन-दोन शेंगा पुढे सरकवायच्या. पहिली पुडी दीड मिनिटात हातात.

“हे लई भारी हाय बगा,” बालाजी म्हणाला. अनंत सरांनीही मान हलवली. मला हायसं वाटलं. माझा धडा इथेच संपत होता.

तेवढ्यात व्यंकटराव सरांनी पहिल्या फेरीची पुडी उघडली आणि दाणे तोंडात टाकले. त्यांचं तोंड वाकडं झालं. उठून खिडकीबाहेर थुंकले.

“खवट हाय की! काळे दाणे बांधलेत. कुनाला दिसलं न्हाई का?”

मी मुद्दाम खराब शेंगा आणल्या होत्या असं नंतर क्लासमध्ये पसरलं. ते खोटं आहे. तेवढी मी हुशार नाही.

बालाजी म्हणाला, “मी मोजून राहिलो होतो, सर. रंग कशाला बघू?”

मी शाहिदाकडे बघितलं. साल तिने चोळली होती. “तुला दिसले होते?”

तिने हाताला लागलेली सालं झटकली. मग म्हणाली, “हाव. चार दिसले.”

“मग बाजूला का नाही काढलेस?”

“सरांकडून आल्ते ना, मॅडम. सरांनी दिलेलं तसंच पुढं द्यायचं. आमच्या कामात तसंच चालतं.”

मला पेपर नंबर नऊ आठवला. चार. विचारायला भीती वाटत होती, कारण उत्तर ‘नाही’ असं आलं तर तिची नोकरीची उरलीसुरली आशाही जाणार होती. तरी विचारलं.

“शाहिदा, पेपरमधले चार प्रश्नही दिसले होते का?”

ती उठली, आपल्या टेबलाच्या खणातून एक जाड वही घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. पेपरचा नंबर, प्रश्नाचा नंबर, पुढे एका ओळीत शंका. पानंच्या पानं. पेपर नऊच्या पानावर चारही प्रश्न होते. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘चेंडू वर फेकला. मागच्या वर्षी हाच प्रश्न, उत्तर वीस मीटर. या वेळी उत्तर चाळीस दिलंय.’

अनंत सरांनी वही ओढून घेतली. खिशातलं पेन काढून शेंगांच्या कागदावर गणित मांडलं. वेग वीस, त्याचा वर्ग चारशे, भागिले दोन गुणिले दहा. उत्तर वीस. त्यांनी पेपर काढताना तो दोन विसरला होता आणि उत्तर चाळीस धरलं होतं. बाकीचे तीन प्रश्नही त्यांनी तिथेच सोडवले.

“तू तर आर्ट्सची ना गं?” त्यांनी विचारलं.

“हाव सर. पन अकरा वर्षं हेच टाइप करून राहिले. कोन्त्या प्रश्नाला काय उत्तर येतं ते हाताला माहीत झालं.”

“मग मला सांगितलं कामून न्हाई?”

“एकदा सांगितलं होतं, सर. नवीन होते तवा. मी एक आकडा बदलला होता. तुमचाच बरोबर होता. तुम्ही सगळ्या पोरांसमोर म्हनले, टाइप करनाऱ्यानं अक्कल लावायची न्हाई.”

अनंत सरांना तो प्रसंग आठवत नव्हता. ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. अकरा वर्षं ही बाई रोज चुका बघत होती, वहीत लिहीत होती आणि खण बंद करत होती.

अनंत सरांनी शेंगांचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि जिना उतरून सरळ रिसेप्शनला गेले. आम्ही वरून ऐकत होतो. “पेपर मी काढला. चूक माझी हाय. सुधारलेले मार्क आज लागतील,” ते पालकांना म्हणाले. दुसरं काही बोलले नाहीत. व्यंकटराव सरांनी शाहिदाला कमी करण्याचा विषय पुन्हा काढला नाही. माफी मागायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

त्यानंतर प्रश्न दहा-दहा करून येऊ लागले. शाहिदाला शंका आली तर प्रश्न तिथेच थांबवायचा, असं ठरलं. पहिल्या आठवड्यात तिने एकही थांबवला नाही. वही मात्र खणातून टेबलावर आली. दुसऱ्या आठवड्यात अनंत सर दहा प्रश्न घेऊन आले आणि ठेवून निघून जाण्याऐवजी तिच्या टेबलाशी उभे राहिले. ती वाचत होती. सातव्या प्रश्नावर तिचं बोट थांबलं.

“काय झालं?” सरांनी विचारलं. आवाज तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

“सर, हे जरा बगता का?”

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. प्रश्न बरोबरच होता. चूक शाहिदाची होती. सरांनी तिला ते समजावून सांगितलं, आणि “विचारलंस ते बरं केलंस” एवढं म्हणून उठले. मला वाटतं, क्लास सुधारला तो त्या दिवशी.

पुढे मी नांदेडला, धर्माबादला बऱ्याच ऑफिसांतून हा खेळ घेतला. दोन-दोन शेंगा पुढे सरकवल्या की काम लवकर होतं, हे लोकांना पाच मिनिटांत पटतं. त्यात फारसं काही नाही. खवट दाणा पहिल्यांदा कोणाला दिसला आणि तो गप्प का बसला, हे विचारायला मात्र सगळी दुपार लागते.

लातुरात खेळ असला की शेंगा मी अजून कोपऱ्यावरच्या त्याच गाड्यावरून घेते, खवट दाणे न निवडता. गाडेवाल्याला वाटतं, या बाईला शेंगांतलं काही कळत नाही.