सुपातून घेतलेली पोर

वळसंगच्या फाट्यावर सोलापूरच्या एसटीची वाट बघत उभी होते, त्या सकाळी माझ्याजवळ दोन बॅगा होत्या आणि सोडायला आलेले तुम्ही दोघं, आबा आणि तू. आई आली नव्हती. लेक नर्स होऊन आयर्लंडला निघाली म्हटल्यावर अख्खी गल्ली दारात उभी राहिली, पण आई उंबऱ्याच्या आतच थांबली. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं माझ्या हातात देत म्हणाली, "जातीस तर जा की. पर तिला हुडकायचं मनात आलं तर मला सांगून हुडक. माज्या माघारी नगं." मी फणकाऱ्यानं म्हटलं, "मला कुणाला हुडकायचं न्हाय." मग एसटी आली, आबांनी बॅगा चढवल्या, तू खिडकीखाली हात हलवत राहिलास. वाटेतलं कुंभारी गाव यायच्या आत माझं मला कळलं होतं की मी आईशी खोटं बोलले.

मल्लू, आता तूही चाकणला कंपनीत लागलास, म्हणजे गाव सोडलेल्यांत तुझीही भर पडली. गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "तायडे, आमी कुटं कमी पडलो व्हय?" मी "तसं नाही रे" म्हणून तुझ्या मेसच्या जेवणाची चौकशी सुरू केली. तेव्हापासून चैन नाही. म्हणून लिहायला बसले.

सुपाची गोष्ट तुला माहीत आहे, पण मी ती कशी ऐकली ते माहीत नाही. आपल्याकडे ज्या बाईची पोरं जगत नाहीत, तिचं पुढचं पोर सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात. शेजारीण ते उचलते आणि पसाभर जोंधळे घेऊन आईला परत देते. पोर हिचं नव्हेच, मागून आणलेलं आहे, अशी सटवाईची समजूत व्हावी म्हणून. नावही मग तसंच ठेवायचं, भिकू नाहीतर दगडू. आईची पहिली दोन पोरं गेलेली. त्यामुळे मी घरात भिकी आणि शाळेत भारती, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शेजारची शांताकाकू दिसली की म्हणायची, "तुला म्या उकिरड्यावरनं उचलली, इसरू नगंस," आणि मी म्हणायचे, "मग जोंधळं माघारी दिऊ का?" वर्गातला दगडूही सुपातलाच. आम्ही दोघं त्याचा तोरा मिरवायचो.

पासपोर्टसाठी जन्माच्या दाखल्याची गरज पडली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. सोलापुरात खिडकीपलीकडचा कारकून कागद चाळून म्हणाला, "मॅडम, हे दत्तकाचं प्रकरण आहे. कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडा." मी हसले. आता आठवलं की अंग चोरून घ्यावंसं वाटतं, पण मी त्या बिचाऱ्याला समजावून सांगायला लागले, "अहो साहेब, आमच्यात सुपात घालून घ्यायची पद्धत असते. त्याला कुठला आलाय कोर्टाचा कागद?" रांगेतल्या मागच्या बाईलाही हसू फुटलं. आबा तेवढे हसले नाहीत. ते स्वतःच्या चपलेकडे बघत होते. मग त्यांनी पिशवीतून एक जुना लखोटा काढून खिडकीत सरकवला. सकाळी निघतानाच त्यांनी तो बरोबर घेतला होता.

तीन महिन्यांची असताना सोलापूरच्या एका संस्थेतून मला आणलं. आणल्यावरही सूप, उकिरडा, जोंधळे, सगळं रीतसर केलं. लपवायला म्हणून नव्हे. दोन पोरं गेलेल्या बाईला तिसऱ्या वेळी कसलाच धोका नको होता. हे मला आज कळतं. त्या वेळी मी तीन महिने आईशी धड बोलले नाही आणि मग परदेशी निघाले. गाव म्हणालं, पोरीनं नाव काढलं. मी पळून चालले होते.

इथे गॉलवेत येऊन दहा वर्षं झाली. ड्युटी, हँडओव्हर, सुपरमार्केट, वाऱ्यानं उलटी होणारी छत्री, असं चाललेलं असतं. पण माझं बूड कुठे टेकत नाही. बरं चाललेलं घर सोडून दुसरं भाड्यानं घेते. सुटीच्या दिवशी कुणाची तरी शिफ्ट मागून घेते. माझी करंगळी वाकडी आहे. सोलापूरला आले की साठीच्या आसपासच्या बायकांच्या हातांकडे बघत बाजारातून फिरते आणि भाजी न घेताच घरी येते. माझ्या वॉर्डातली नर्स नोरा इथलीच, तीही दत्तक. तिनं स्वतःची जन्मदाती शोधून काढली, आता नाताळात दोघी भेटतात. ती सारखी म्हणायची, हा तुझा हक्क आहे. तिला तो शब्द किती सोपा होता! मला वाटायचं, आपल्या घरात हा शब्द उच्चारला तर आईच्या पुढ्यातलं ताट ओढल्यासारखं होईल.

आबा गेले त्या वर्षी मी संस्थेला मेल केली. आईला सांगितलं नाही. कितीतरी महिन्यांनी तिथल्या मॅडमचं उत्तर आलं. बाई सापडल्या आहेत, नाव-गाव सांगता येणार नाही, त्यांच्या घरी कुणालाच माहीत नाही, पण एकदा संस्थेत येऊन भेटायला तयार आहेत. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एवढं सहज कशी तयार झाली ही? मग वाटलं, नाहीच म्हणाली असती तर बरं झालं असतं, मी सुटले असते. आणि त्याच दुपारी मी विमानाचं तिकीट काढलं.

घरी येऊन दोन दिवस आईभोवती घोटाळत होते. ती उखळात शेंगदाणे कुटत होती, तेव्हा एकदाचं सांगून टाकलं. मुसळ थांबलं.

"मला सांगून हुडक म्हनलं हुतं."

"आता सांगतीय की."

"आता व्हय," ती म्हणाली, आणि पुन्हा कुटायला लागली. चटणी पार पीठ होईपर्यंत कुटली. मग वर न बघता विचारलं, "कवा जायाचं?"

"परवा."

"म्या बी येती."

त्या दिवशी तिनं ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलं. एसटीत तिच्या मांडीवर पिशवी होती. आत बघते तर खण, नारळ आणि गहू. मी बघतच राहिले, तर मलाच दरडावलं, "ओटी भराया नगं का तिची? मोकळ्या हातानं जात्यात व्हय?"

अकरापासून आम्ही त्या ऑफिसात बसलो. मी सारखी उठत होते, पाणी पीत होते, भिंतीवरचे फोटो बघत होते. आई ताठ बसली होती. दाराबाहेर पाऊल वाजलं की पदर सारखा करायची. एक वाजून गेला. मॅडम म्हणाल्या, "मैंदर्गीवरनं यायचं म्हणजे एसटी चुकली असेल," आणि गावाचं नाव तोंडून गेलं म्हणून त्यांनी जीभ चावली. अडीचला त्यांना फोन आला. बाई आज येणार नाहीत. पुढचंही काही सांगितलेलं नाही.

खरं सांगू? पहिल्यांदा मला हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच लाज वाटली, आणि मग रडू आलं. आईचाही जीव भांड्यात पडला असेल असं मला वाटलं. मी तिच्याकडे बघितलं तर ती उठून उभी राहिली होती.

"न्हाई येत म्हंजी? समिंदर वलांडून पोरगी आली माजी, आन हिला मैंदर्गीवरनं येवत न्हाई? दोनदा टाकती व्हय माज्या पोरीला?"

मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या. मी, जी इतकी वर्षं त्या बाईवर चिडले होते, तिचीच बाजू घ्यायला लागले. "आये, आसंल काय तरी अडचन तिची."

"आसंल की. मग तसं येऊन सांगावं." ती पुन्हा बसली. ओटी पोचवायला नियम आड येतात, असं मॅडमनी सांगितल्यावर तिनं पिशवीचं तोंड मुकाट्यानं बांधलं. मग स्वतःचा मोबाईल नंबर मला त्यांना लिहून द्यायला लावला आणि त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला. "घरात कळंल म्हनून भ्या वाटत आसंल तर माज्याशी बोल म्हनावं. बाईमानसानं बाईमानसाला फोन केला, कोन इचारतंय?"

परतीच्या एसटीत ती पिशवी पुन्हा आईच्या मांडीवर होती. वळसंगला उतरल्यावर पुढे अक्कलकोट, मैंदर्गीकडे जाणाऱ्या त्याच गाडीकडे बघत ती म्हणाली, "म्हंजी मैंदर्गीची गाडी आपल्याच फाट्यावरनं जाती की." एवढी वर्षं ती बाई इथून जात-येत असेल, मीही. आम्ही दोघी तिथे धुरळ्यात उभ्या राहिलो.

तर मल्लू, तुम्ही कुठेच कमी पडला नाहीत. पोट भरलेल्या माणसालाही आपण कुठून आलो हे विचारावंसं वाटतं, त्यात वाढणाऱ्याचा काही दोष नसतो. ती भेटावी असं मला वाटतं, आणि भेटू नये असंही वाटतं, कधी तर एकाच तासात दोन्ही. ही तगमग जाईल असं दिसत नाही. इथे कुणी विचारलं, तुझं घर कुठलं, तर पूर्वी मी अडखळायचे. हल्ली सांगते, वळसंग. माझ्याहून जास्त कासावीस होऊन माझ्यासाठी कुणीतरी तिथे वाट बघत बसलंय. याहून जास्त मला घराबद्दल अजून कळलेलं नाही.

दर रविवारी मी आईला फोन लावते. आधी तिला मोबाईल सापडेपर्यंत बेल बंद पडायची. आता पहिल्या बेललाच उचलते. स्क्रीनवरचं नाव तिला वाचता येत नाही, त्यामुळे विमा विकणाऱ्यांपासून सगळ्यांचे फोन घेते आणि भिकीची आई बोलतीय म्हणून सांगते. परवा मी तोंड उघडायच्या आत तिकडून दबका आवाज आला, "मैंदर्गीवरनं बोलताय व्हय, बाई? बोला की. घरात कोन न्हाई."

"आये, म्या हाय. भिकी."

"तू व्हय," ती म्हणाली. इतकं हिरमुसलेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "बरं, काय आसंल ते बिगी बिगी बोल. फोन मोकळा ठिवायचा हाय."