होयबांच्या दारात

“चहा नको. मत कुणाला, तेवढं सांगा.”

दार पुरतं उघडायच्या आत ताईंचं हे वाक्य बाहेर पडायचं. हातात पक्षाची पत्रकं, नर्सच्या युनिफॉर्मवर चढवलेला कोट, आणि पाय उंबऱ्याच्या बाहेर. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या आमच्या वॉर्डात निवडणूक आली की त्या हॉस्पिटलची ड्यूटी संपवून दारोदार फिरायच्या. मी त्यांचा शेजारी आणि त्याच पक्षाचा मेंबर, म्हणून पत्रकांची पिशवी माझ्या खांद्यावर. शेजारधर्म, दुसरं काय!

आपली मराठी माणसं दारात कशी वागतात ते तुम्ही पाहिलंच असेल. आलेल्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून आमचे लाल मजूर पक्षवाले आले की लालला हो, निळे हुजूर पक्षवाले आले की निळ्याला हो, आणि मधलेच कुणी पिवळे उगवले तर त्यांनाही बिस्किटं. एका डॉक्टरांनी खिडकीत निळं पोस्टर लावलेलं असताना आम्हा लालवाल्यांना सांगितलं, “ऑफ कोर्स ताई, तुम्हालाच!”

ताईंनी पोस्टरकडे पाहिलं. “मग हे काय वाळत घातलंय?”

त्या मूळच्या नागपूरच्या. खवळल्या की नागपूर बाहेर यायचं. “काऊन हो म्हणतेत हे लोक, भाऊ? नाही म्हणा ना बाप्पा! नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येते.” होकारांची प्रतवारी त्यांना पाठ होती. नुसतं ‘हो’ म्हणजे बघू. ‘हो हो’ म्हणजे नाही. आणि ‘आत या ना, चहा घ्या’ म्हणजे मत केव्हाच दुसऱ्याकडे गेलं. एखादी इंग्रज म्हातारी ‘नो, थँक यू’ म्हणून दार लावून घ्यायची, तर ताई खूश. स्टेशनजवळच्या घरांतले, बसवर नि कारखान्यात राबणारे बहुतेक लाल. तीच माणसं वरच्या रस्त्याला मोठ्या घरात गेली की हळूहळू निळी. “घराला गॅरेज लागलं की मत बदलते,” असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंही होतं.

नव्वद सालानंतर आमच्या वॉर्डातल्या कौन्सिलरची जागा रिकामी झाली. उमेदवार कोण, हे पक्षाच्या स्थानिक मेंबरांनीच मतं देऊन ठरवायचं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी चपला झिजवल्या, आता ताईंनी स्वतः उभं राहायचं ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “म्हाताऱ्या पेशंटला मी धरून धरून चालतं करते, भाऊ. घरी धाडलं की बघायला कोणी नाही. कौन्सिलची मदतनीस येत नाही. पडतेत, नि परत माझ्याचकडे येतेत. याच्यासाठी मला तिथं कौन्सिलात बसून भांडायचंय.” बोलता बोलता त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. मी तोवर त्यांना फक्त चिडलेलंच पाहिलं होतं.

वॉर्डातल्या मराठी घरांतले बहुतेक मेंबर ताईंनीच केलेले. तेवढे आले तरी काम फत्ते होतं. आम्ही घरोघर गेलो. “नक्की येतो, ताई! सॅटर्डे ना? डायरीत टाकलंय.” एका वहिनींनी तर चिवड्याचा डबा हातात दिला. आणि प्रत्येक घरात चहा. या वेळी ताई आत गेल्या, बसल्या, चहा प्यायल्या. परतताना त्या बोटांवर चहाचे कप मोजत होत्या.

शनिवारी दुपारी लायब्ररीच्या वरच्या खोलीत मीटिंग झाली. ताई उत्तम बोलल्या. पण बोलताना नजर सारखी दाराकडे. मराठी मेंबरांतला मी एकटा! थोडक्या मतांनी त्या हरल्या. जिंकलेला माणूस भला होता, त्याच्यावर माझा राग नाही.

आणि आपली मंडळी कुठे होती? गावातल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला! तारीख बदलून मुद्दाम त्याच शनिवारी ठेवलेलं. बायकांना वाण, पुरुषांना बटाटेवडे. ताईंना बोलावणं नव्हतं, कधीच नसायचं. मी तसाच मंडळाच्या सेक्रेटरींच्या घरी गेलो आणि जाब विचारला. ते थंडपणे म्हणाले, “अहो, पर्सनल काही नाही. पण त्या जय भीमवाल्या. आपल्या कम्युनिटीचं रिप्रेझेंटेशन म्हणून... ऑड वाटतं ना?”

तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, सात समुद्र ओलांडलेत, पासपोर्ट बदललेत, आणि ही घाण तेवढी सूटकेसमध्ये नीट घडी घालून आणलीत? पुढे मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजही तेच बोलेन.

वर्षभरात ताई मँचेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी धरून गेल्या. निघताना म्हणाल्या, “हरल्याचं काही नाही, भाऊ. पण एकानं तरी तोंडावर सांगायचं होतं.” मग गाडीत बसल्या.

पुढे पार्लमेंटची मोठी निवडणूक आली. मंडळाच्या हॉलमध्ये एका उमेदवाराला शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्ष माईकवर हळहळले, “खंत एकच, आपल्या लोकांतून कोणी पुढेच येत नाही!” टाळ्या पडल्या. मी उठलो आणि ताईंचं नाव, आडनावासकट, मोठ्यानं घेतलं.

पुढच्या रांगेत त्या चिवड्यावाल्या वहिनी होत्या. त्यांच्या लेकीनं विचारलं, “मम्मी, हू इज शी?”

“कोणी नाही गं,” वहिनी म्हणाल्या. “होती एक नर्स.”