ताईची पाठ

माझ्या थोरल्या बहिणीच्या कातडीत पाणी टिकत नाही. जन्मापासून तसंच आहे. अंगावर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे धरतात, कोपरं आणि घोटे फाटतात, आणि लक्ष दिलं नाही तर भेगांतून रक्त येतं. या आजाराला मोठं डॉक्टरी नाव आहे, पण आमच्या घरात ते कधी कुणी घेतलं नाही. आई म्हणायची, "पोरीची कातडी तहानलेली हाय, बस."

ताई तान्ही असताना सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला सांगितलं होतं, "हे बरं होणार नाही, पण सांभाळता येईल. रोज कोमट पाण्यात अंग भिजू द्या. मग नुसतं टिपून घ्या, पुसू नका. अंग ओलसर आहे तोवरच मलम लावा. एकदा वाळलं की मलमाचा उपयोग नाही." आई पिशोरच्या शेतकऱ्याची लेक. रानातली ओल उडायच्या आत पेरणी उरकावी लागते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं ते जसंच्या तसं ताईच्या अंगाला लागू केलं आणि जिवंत असेपर्यंत चालवलं.

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. संभाजीनगरात राहणाऱ्याला ते सांगायला नको. पाणी आलं की आई सगळ्यात आधी न्हाणीतलं निळं टिपाड भरायची. ते ताईचं. पाहुणे आले तरी त्याला हात लावायचा नाही. मी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायची आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण दाराआडून ताईचं कण्हणं मी ऐकलेलं होतं.

मलमाचा क्रम ठरलेला: आधी चेहरा, मग मान, हात, पाय, आणि सगळ्यात शेवटी पाठ. बाकीचं अंग ताई मोठी झाल्यावर स्वतः करू लागली. पाठ मात्र आईकडेच राहिली. आई मागे बसायची, ताई भिंतीकडे तोंड करून. एकमेकींचा चेहरा दिसत नसायचा, म्हणूनच की काय, दोघींचं खरं बोलणं तेव्हाच व्हायचं. बाहेर मला फक्त गुणगुण ऐकू यायची.

ताई चौथीत असताना तिच्या शेजारच्या मुलीला बाक बदलून दिला गेला. त्या मुलीच्या घरच्यांनी तसं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली. बाईंची परवानगी घेऊन तिनं ताईला वर्गापुढे उभं केलं, तिच्या गालाला आपला गाल लावला आणि म्हणाली, "बघा रे लेकरांनो, हे कुणाला लागत नाय. या, हात लावून बघा." मुलं एकेक करून आली. कुणी बोटानं दंड दाबून बघितला, कुणी तळहात बघितला. एका मुलीनं हात लावून लगेच फ्रॉकला पुसला. ताई डोळे मिटून उभी होती.

बाक बदललेली मुलगी परत आली. आईला वाटलं, काम फत्ते झालं. पण त्या दिवसापासून कितीतरी दिवस ताई आईशी बोलली नाही. पाठ द्यायची, मलम लावून घ्यायची, आणि उठून जायची. पुढे एकदा तिनं मला सांगितलं, "एकटी बसले असते तरी चाललं असतं मला. पण तिनं मला दाखवायला उभं केलं." आईला हे तिनं कधीच सांगितलं नाही.

ताई शिकली, हिशेबाच्या कामात हुशार निघाली, शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. तिला घाम येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात अंग तापून चक्कर येते. कंपनीच्या बसमध्ये ती ओली ओढणी मानेला गुंडाळून बसायची. ऑफिसात एसी, तर त्याच्या कोरड्या हवेनं ओठ आणि बोटं फाटायची. टेबलाच्या खणात मलमाची डबी असायची. कुणी विचारलं तर ती सरळ सांगायची, आणि कुणी नुसतंच बघत राहिलं तर ती मान खाली घालून काम करायची.

वडील गेल्यावर आईला तिच्या लग्नाची घाई झाली. पैठणचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, बोलायला शांत. आईनं काही लपवलं नाही, सगळं आधीच कळवलं होतं आणि तरी ते लोक आले होते. आई त्या दिवशी किती आनंदात होती! चहा झाला, पोहे झाले. मुलगा म्हणाला, "माझी काही हरकत नाही. माणूस चांगलं पाहिजे."

ताईनं मान वर केली. "एक विचारू का?"

"विचारा ना."

"माझा पाठीला हात पुरत नाही. रोज मलम लावावं लागतं. तुम्ही लावाल का?"

काही बोलायच्या आधी त्यानं आपल्या आईकडे बघितलं. त्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, असलं कुणी बैठकीत विचारतं का?" कुणीतरी हसलं. तोही थोडा हसला आणि म्हणाला, "बघू की. होईल काहीतरी."

ताईनं पोह्यांच्या बशा उचलल्या आणि आत गेली. संध्याकाळी आई तिच्यावर चिडली. "तो हो म्हणला होता की गं! कशाला विचारलंस?"

"तो बघू म्हणला, आई."

आईनं मग पुन्हा स्थळाचं नाव काढलं नाही.

माझं लग्न झालं, मी सिडकोत राहायला गेले. त्या दोघीच घरात उरल्या. आणि मग आईची साखर मूत्रपिंडावर उतरली. डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी पिण्याचं पाणी मोजून दिलं. आईचं अंग कोरडं पडू लागलं, रात्रंदिवस खाज, नखांचे ओरखडे. तेव्हा ताईनं कामावरून रजा घेतली आणि निळ्या टिपाडातलं पाणी आईसाठी काढलं. आईची नखं कापली, साबण बंद केला, जुन्या सुती साडीचे तुकडे करून घेतले. आंघोळीनंतर अंग टिपायचं, ओलसर असतानाच मलम लावायचं. सारं तेच, नुसत्या जागा बदललेल्या. आता आई भिंतीकडे तोंड करून बसायची.

एकदा मी तिथंच होते. आई म्हणाली, "आत्ता कळलं गं मला, तुला काय होतंय ते. इतकी वर्षं मी नुसतीच लावत होते."

"नुसती कुठं? लावत होतीस ना," ताई म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

शेवटी आई अंथरुणालाच खिळली. ताई तिला कुशीवर वळवायची, टाचांखाली उशी द्यायची, माकडहाड रोज उजेडात बघायची. तपासायला आलेली नर्स म्हणाली, "इतके दिवस पडून आहेत, तरी कुठं जखम नाही. फार कमी घरांत बघायला मिळतं." ताईला त्यानं बरं वाटलं की काय, कळलं नाही. तिनं फक्त आईचं पांघरूण नीट केलं.

आई चैत्रात गेली. शेवटची आंघोळ घालताना आम्ही चारपाच बायका होतो. पाणी घालून झालं. चुलती नवं लुगडं उलगडत होती, तेवढ्यात ताईनं कोनाड्यातली डबी घेतली, बोटांवर मलम घेतलं आणि आईच्या ओल्या पावलांना लावू लागली.

चुलती हळूच म्हणाली, "आता कशाला बाई?"

ताईनं ऐकलं, पण हात थांबवला नाही. पावलं, पोटऱ्या, मग दोन्ही हात. घाई केली नाही. कुणी तिला पुन्हा अडवलं नाही. तिनं डबीचं झाकण लावलं आणि मगच बाजूला सरकली.

त्यानंतर मी तिला कितीदा म्हटलं, "पाठीला मी लावते." ती म्हणायची, "जमतंय मला." तिनं लाकडी उलथन्याला कापड गुंडाळून एक साधन केलं होतं. त्यानं मलम खांद्यापाशी आणि कमरेपाशी पोचायचं, मधल्या भागाला नाही. ज्येष्ठात एकदा मी अचानक गेले, तर तिच्या कुर्त्याला मागे रक्ताचे डाग होते. मी न्हाणीत गेले, पाणी कोमट केलं आणि तिला हाक मारली.

ती आली. भिंतीकडे तोंड करून बसली. पाठ मधोमध उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखी चिरली होती. मी टिपून घेतलं, मलम लावू लागले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "इतकं भीत भीत नको लावू. आईचा हात जड होता."

मी हात जड केला. तिचे खांदे हलायला लागले. आई गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती, आणि माझ्या हातातून मलम सारखं निसटत होतं.

आता मी दिवसाआड जाते. रोज जमत नाही. माझं घर आहे, मुलांच्या परीक्षा असतात, सासूबाईंना दिसत नाही. मधल्या दिवशी तिचं ते उलथनं. त्यामुळे पाठीवर एखादी चीर कायम असते. पहिल्यासारखी पाठ आता राहणार नाही, हे आम्हा दोघींना माहीत आहे.

मागच्या आठवड्यात ती कातडीच्या डॉक्टरांकडे गेली होती. तिथं एक अगदी तरुण बाई तान्ही मुलगी मांडीवर घेऊन रडत बसली होती. बाळाचं अंग ताईसारखंच. ताई तिच्याशेजारी जाऊन बसली. पाणी किती कोमट हवं, फडकं कसलं घ्यायचं, टाळूवरचे पापुद्रे तेलानं कसे सोडवायचे, सारं सांगितलं. आपला हात पुढे करून दाखवला. त्या बाईनं विचारलं, "माझी मुलगी जगेल ना नीट?"

"मग तू काय सांगितलंस?" मी पाठीला मलम लावता लावता विचारलं.

"म्हटलं, जगेल की. शिकेल, नोकरी करेल. तुम्ही आहात तोवर काळजी नाही."

तिनं मानेवरचे केस पुढे घेतले.

"त्याच्या पुढचं तिनं विचारलं नाही. मी पण नाही सांगितलं."

तिची पाठ अजून ओलसर होती, आणि कमरेपाशी लावायचं राहिलं होतं.