मोगऱ्याला कोमट पाणी

बागवाल्या मैत्रिणींनो, एक सल्ला हवाय.

सकाळी पोलादपूरला सासरी आले, तर सासूबाई मोगऱ्याच्या कुंडीत तांब्याने कोमट पाणी ओतत होत्या.

"आई, थंडीत त्याची पानं गळतातच. पाणी कमी घालायचं, उन्हाळ्यात परत फुटतो."

"गार नाय घालत गो, रोज दोन टायमाला तापवून घालते. कुडकुडतंय बघ बिचारं."

पाचाडचं त्यांचं माहेरचं घर आता उरलेलं नाही. तिथून आणलेला हा मोगरा तेवढा उरलाय.

त्या आत गेल्यावर मी माती उकरली. नुसता चिखल! मुळं काळी पडून कुजलेली. नखाने फांद्या खरवडल्या, हिरवं कुठेच नाही.

आत्ता संध्याकाळी चुलीपाशी मला म्हणाल्या, "मोगऱ्याचं पाणी तापलं काय बघ गो."

तापलंय. मी तांब्या हातात घेऊन उभी आहे. काय सांगू त्यांना?