निम्मे मराठी हातमोजे

मी नांदेडला कॉलेजात मराठी शिकवतो, ही गोष्ट माझ्या उदगीरच्या सासुरवाडीत कुणीही मनावर घेतलेली नाही.

येळवसेला (म्हणजे वेळा अमावास्येला) आम्ही नवरा-बायको गाडीवरून सासऱ्यांच्या शेतात पोचलो. कडब्याच्या कोपीत पूजा मांडलेली, आंबिलाचं मडकं काठोकाठ. कोपीभोवती आंबील शिंपडत फिरायचा मान यंदा मला हवाच होता! लग्नापासून मला नुसतं घोंगडीवर बसवून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढत होते.

"जावईबापू, दस्ताने काढा आन् बसा," सासरे म्हणाले.

झालं! माझ्यातला मास्तर उठला. "मामा, दस्ताने फारसी. दस्त म्हणजे हात. आपल्या मराठीत हातमोजे म्हणतात. शुद्ध मराठी!"

"कशाचं शुद्ध? आमी तर दस्तानेच म्हणायलो!"

"लावा पैज! मी खरा ठरलो तर आंबील मी शिंपडणार."

"हाव, लावली! हरलात तर हे दस्ताने माझे."

शेजारच्या शेतातून भज्जी खायला आलेली मंडळी लगेच पंच होऊन बसली. सासूबाई ओरडल्या, "आवो, भज्जी गार व्हायलीय!" कोण ऐकतंय?

मी मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि वर्गात वाचतो तशा खणखणीत आवाजात वाचलं, "हात : मराठी!" टाळ्या! "मोजा : मूळ..." इथं माझा आवाज बसला. बायकोनं (सख्ख्या बायकोनं!) खांद्यावरून डोकावून वाक्य पूर्ण केलं, "फारसी. पायात घालायचा."

"म्हंजी पायातलं हातात घालून आलात!" सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली.

पण मी कसला हार मानतोय! "तुमचा शब्द सगळाच फारसी. माझा निदान निम्मा मराठी. मीच जिंकलो!"

पंचांनी माना डोलावल्या. सासरे म्हणाले, "बराबर हाय. हात मराठी, मान तुमच्या हाताला. मोजे फारसी, ते आमचे." आणि त्यांनी ते चढवलेसुद्धा!

मी छाती पुढे काढून आंबील शिंपडत फिरलो. पीएच.डी. मिळाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता!

परतताना मात्र बोटं हँडललाच गोठली. कंधारच्या अलीकडे गाडी थांबवली, पायातले मोजे काढले आणि हातांत चढवले.

"आता झाले बघा हातमोजे," बायको म्हणाली.

शब्दाची व्युत्पत्ती स्वतःच्या हातानं सिद्ध करणारा नांदेडातला मी एकमेव प्राध्यापक! घरी पोचल्यावर बायकोनं त्या विजयी हातांना साबण लावल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू दिलं नाही, एवढंच.